पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही

आमच्या तालुका न्यायालयाच्या आवारात, झेरॉक्सच्या टपरीला लागून, विधी सेवा समितीचं एक टेबल असतं. आठवड्यातले दोन दिवस मी तिथे स्वयंसेवक म्हणून बसते. मी वकील नाही. अर्ज कसा लिहायचा, कुठल्या खिडकीवर द्यायचा, दारातूनच परत पाठवलं तर पुढे कुठे जायचं, एवढं सांगणारी बाई.

समोर बसलेल्या माणसाचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं. "ताई, चार वेळा सांगितलं हो." कुणाला? "साहेबांना." कोणत्या? "ते चष्मेवाले." कधी? "गणपतीच्या आदल्या आठवड्यात." कागद? मग पिशवी उलगडते. रेशनकार्ड, आधारच्या पाच झेरॉक्स, दोन लाइटबिलं, कुणाच्या तरी साखरपुड्याची पत्रिका. पोच तेवढी नसते.

गेल्या वर्षी एक मावशी आल्या, पारधी वस्तीवरच्या. गावात विहिरीवरची मोटार चोरीला गेली आणि रात्री दहाला त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला "जरा चौकशी आहे" म्हणून गाडीत घातलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडलं. पोटऱ्यांवर वळ आणि हातात कागद काही नाही. ठाण्यात विचारायला गेल्या तर उत्तर मिळालं, "आम्ही आणलंच नव्हतं." गावातले शहाणेही म्हणाले, सोडलं ना, मग कशाला वाढवता. पुढे जे सांगते आहे ते बरंचसं या मावशींच्या कागदांवरूनच सांगते. पहिल्यांदा या वाटेला जाणाऱ्याला कायद्याच्या पुस्तकापेक्षा त्यातून लवकर समजेल.

आधी ओळखा : हा मानवी हक्काचा प्रश्न आहे का?

'मानवी हक्क' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे परदेशातली कुठली तरी परिषद येते. १० डिसेंबर १९४८चा जाहीरनामा, त्यातली ३० कलमं वगैरे. त्यातल्या पहिल्याच कलमात मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघणारा शब्द होता, तो बदलून 'सर्व मानव' करायला लावला तो भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी. एका शब्दासाठी भांडणारी माणसं मला फार आवडतात. पण आपल्या कामाला लागणारी व्याख्या घरातलीच आहे. १९९३च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यात चार शब्द आहेत : जीवित, स्वातंत्र्य, समता आणि प्रतिष्ठा. संविधानाने हमी दिलेले, न्यायालयात मागता येणारे या चार गोष्टींचे हक्क म्हणजे मानवी हक्क.

मग बांधावरून चुलतभावाशी भांडण झालं तर? तो दिवाणी वाद. भाडेकरू घर सोडत नाही? तोही तसलाच. पण त्याच बांधाच्या भांडणात तुमचं डोकं फुटलं, तुम्ही ठाण्यात गेलात आणि "तुम्हा लोकांचं रोजचंच आहे" म्हणून फिर्याद घेतली नाही, तर तिथे प्रश्न बदलला. सरकारी माणसाने हक्क मोडला का, किंवा दुसरा कुणी मोडत असताना तो रोखण्यात हलगर्जी केली का, हे आधी विचारायचं. उत्तर 'हो' असेल तर पुढे वाचा.

मावशींच्या बाबतीत उत्तर सरळ होतं. १८७१च्या ब्रिटिश कायद्याने पारध्यांसारख्या जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी पुसला गेला, कागदावर. सवय मात्र गेली नाही. मोटार चोरीला गेली की गाडी आधी वस्तीकडे वळते.

कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांत किती अंतर असतं हे महाडला जाऊन बघावं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेनेही पुढे तसा ठराव केला. तळ्यावर मात्र कुणी जाऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, डिसेंबरात विरोधक मनाई हुकूम मागायला दिवाणी न्यायालयात गेले. शेवटचा निकाल उच्च न्यायालयाचा, १७ मार्च १९३७. ओंजळभर पाण्याच्या मागे दहा वर्षांची तारखांची माळ. आणि निकाल फिरला कशावर? अस्पृश्यांना मज्जाव करणारी वहिवाट अनादी काळापासून चालत आल्याचं विरोधकांना शाबीत करता आलं नाही, यावर.

वही

पहिली पायरी अर्ज नव्हे, वही. घटना घडली त्याच रात्री, फार तर दुसऱ्या सकाळी, शंभर पानी वहीत लिहून काढायची. तारीख, वार, वेळ, जागा, कोण होतं, काय बोललं. बोलणं जसंच्या तसं, शिवीसकट. आपल्या शहाणपणाची भर नको. पोलीस असतील तर छातीवरच्या पाटीवरचं नाव, शिपायाचा बक्कल नंबर, गाडीचा नंबर. नाव दिसलं नाही तर 'पाटी लावलेली नव्हती' असं लिहा, कारण तीही नोंदच आहे.

मावशींना लिहिता येत नव्हतं. सातवीतली नात लिहीत गेली : "मंगळवार. रात्री जेवण झाल्यावर. टीव्हीवर मालिका संपत होती. गाडी पांढरी. तिघे जण, एकाच्या अंगावर वर्दी, दोघे साध्या कपड्यात. एक म्हणाला, चल रे, साहेबांनी बोलावलंय. मामाने चप्पल घातली नव्हती." त्या चपलेच्या वाक्याचा पुढे उपयोग झाला. स्वतःहून चौकशीला जाणारा माणूस अनवाणी जात नाही.

मारहाण झाली असेल तर वहीच्याही आधी सरकारी दवाखाना. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जे जवळ असेल ते. तिथे डॉक्टर विचारतात, "कशाने लागलं?" या प्रश्नावर निम्मी प्रकरणं बुडतात. भीतीने माणूस म्हणतो, "पडलो." ते केसपेपरवर उमटतं आणि दोन वर्षांनी कुणीतरी ते मोठ्याने वाचून दाखवतं. जे झालं तेच सांगा : अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, काठीने मारलं. वैद्यकीय-कायदेशीर नोंद करा म्हणावं, बोलीभाषेत 'एमएलसी'. वळांचे फोटो त्याच दिवशी काढा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढा, रंग बदलतो. एका फोटोत चेहरा आणि जखम दोन्ही दिसू द्या, नाहीतर पाय कुणाचा असं विचारतात.

अर्ज, आणि बारनिशीची खिडकी

अर्ज एका पानाचा, एका विषयाचा. मराठीतच लिहा, इंग्रजी झाडून कुणी घाबरत नाही. (गोव्यातल्या वाचकांना : १९८७च्या राजभाषा कायद्याने तिथेही सरकारी कामात मराठी चालते.) 'प्रति'मध्ये माणसाचं नाव नको, पद हवं, साहेबांची बदली होते. मग विषय, मग घटना तारखेच्या क्रमाने, मग तुम्हाला नेमकं काय हवं आहे ते. लोक शेवटच्या भागात घसरतात. 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असं लिहिलं की 'योग्य ती' काय हे समोरचा ठरवतो. मावशींच्या अर्जात आम्ही तीन मागण्या लिहिल्या : मुलाला ठाण्यात ठेवल्याबद्दल चौकशी व्हावी, त्या दोन दिवसांची स्टेशन डायरी (ठाण्यातली रोजची नोंदवही) आणि सीसीटीव्ही चित्रण जतन करावं, केलेली कार्यवाही लेखी कळवावी.

'मायबाप सरकार', 'गरिबावर दया करा', 'आपला आज्ञाधारक' हे काढून टाका. गावाकडचे जुने अर्जनवीस रागावतात, पण आपण भीक मागत नाही आहोत. तावातावाने धमकीही नको. घडलेलं सरळ सांगितलं की पुरतं.

दोन प्रती न्यायच्या. मूळ कागद कुणालाही द्यायचा नाही, झेरॉक्स जोडायची. अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवून नमस्कार करून निघायचं नाही. प्रत्येक कचेरीत बारनिशी असते, आवक-जावक म्हणा हवं तर. तिथे एक प्रत द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही घ्यायची. ही पोच. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर हसून म्हणायचं, "हो साहेब, पण पोच द्या." "शिक्केवाला जेवायला गेलाय" म्हणाले तर बाकावर बसायचं. तो येतो. मी एकदा पावणेदोन तास बसले होते. शेवटी शिक्का टेबलाच्या खणातच निघाला.

पोच द्यायला साफ नकार दिला तर वाद घालू नका. तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा. (जुनी रजिस्टर पोस्ट २०२५मध्ये त्यातच विलीन झाली आहे.) पावती आपल्या प्रतीला टाचा आणि पोचल्याची नोंद मोबाइलवर दिसली की ते पान छापून ठेवा. वर एक ओळ वहीत : अमुक वेळी अर्ज घेऊन गेलो, घेतला नाही.

ठाण्यात गेल्यावर

इथे जरा जास्त थांबते, कारण टेबलावर येणाऱ्या दहातल्या सहा गोष्टी इथल्याच असतात. १ जुलै २०२४पासून फौजदारी कायदे बदलले आहेत. जुन्या माहितीतले कलम क्रमांक आता लागू नाहीत. मी देते आहे ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतले.

फिर्याद द्यायला गेलात तर समोर ठाणे अंमलदार असतो. दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येतो अशा गुन्ह्याची माहिती दिली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं. कलम १७३मध्ये आता हेही स्पष्ट आहे की हद्द कुठलीही असो, माहिती घ्यावीच लागते. मग 'आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर राहत नाही. शून्य क्रमांकाने नोंदवून ती योग्य ठाण्याकडे पाठवायची असते. एक अपवाद ध्यानात असू द्या. तीन वर्षं ते सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते.

सगळ्यात मोठी फसगत 'एनसी'ची. म्हणजे अदखलपात्र नोंद. हातात कागद मिळतो, माणूस खूश होऊन घरी जातो. त्यावर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही हे त्याला महिन्याने कळतं. कागद हातात आल्या आल्या वरची ओळ वाचा : प्रथम खबरी अहवाल (एफआयआर) आहे की अदखलपात्र? सही करायच्या आधी मजकूर वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. 'चारचौघांत जातिवाचक शिवी दिली' याचं लिहिताना 'शिवीगाळ केली' होतं, आणि तेवढ्या बदलाने ॲट्रॉसिटीचा कायदा बाहेर राहतो. खबरी अहवालाची प्रत फुकट मिळते, हा तुमचा हक्क आहे.

घेतलीच नाही तर? कलम १७३(४) : सगळा मजकूर लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, शहरात आयुक्तालयाकडे. तिथेही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज, शपथपत्रासह. आधी ठाणं, मग अधीक्षक, हा क्रम चुकवू नका. न्यायालय पहिला प्रश्न तोच विचारतं, आणि उत्तर म्हणून पोच दाखवायची असते.

आता उलटी बाजू. तुम्हालाच बोलावणं आलं तर. "उद्या जरा ठाण्यात या" असा फोन येतो. घाबरू नका, उद्धटही होऊ नका. विचारा, कोणत्या प्रकरणात, आणि लेखी नोटीस द्या. अटकेची गरज नसेल तिथे कलम ३५(३)ची नोटीस द्यायची असते. ती मिळाली की मात्र जायचंच. न जाण्याने अटकेला कारण मिळतं. साक्षीदार म्हणून बोलावत असतील तर कलम १७९ पाठ करून ठेवा : कोणतीही स्त्री, पंधरा वर्षांखालील मुलगा, साठीच्या पुढचा पुरुष, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस, यांना राहत्या घराशिवाय दुसरीकडे बोलावता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं. तपासात पोलीस जो जबाब लिहून घेतात त्यावर सहीसुद्धा करायची नसते, कायद्यातच तसं आहे. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही, कुणी कितीही गोड बोललं तरी.

अटक झाली तर काय काय व्हायला हवं, याचा पाया सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात १८ डिसेंबर १९९६ला घातला. अकरा सूचना होत्या, आता बहुतेक कायद्यात आल्या आहेत. अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची पाटी. अटकेचा कागद जागेवरच करायचा, त्यावर घरातल्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष. कारणं सांगायची, आणि अलीकडच्या निकालांप्रमाणे तीही लेखी. नातेवाइकाला कळवायचं. चौकशीदरम्यान वकिलाला भेटू द्यायचं. वैद्यकीय तपासणी करायची आणि तिच्या अहवालाची प्रत द्यायची. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं, हे तर संविधानाच्या २२व्या कलमातच आहे. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करायची नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यायची.

मावशींच्या मुलाच्या बाबतीत युक्ती अशी की अटक दाखवलीच नाही. अटक नाही म्हणजे चोवीस तासांचा प्रश्न नाही, कागद नाही, वैद्यकीय तपासणी नाही. 'बसवून ठेवलं होतं' हा शब्द ठाण्याच्या बाहेर सगळ्यांना माहीत आहे, कायद्यात तो कुठेच नाही. माणसाला उठून घरी जाता येत नसेल तर तो ताब्यात आहे. अशा वेळी बाहेरच्या नातेवाइकांनी त्याच रात्री ११२वर फोन करावा, अधीक्षकांच्या नियंत्रण कक्षाला कळवावं. माणूस कुठे आहे हे कुणाला तरी विचारलं, त्याची वेळ कुठेतरी नोंदली गेली, इतकं झालं तरी सकाळी 'आणलंच नव्हतं' म्हणणं जड जातं.

सीसीटीव्हीचं तर पहिल्याच दिवशी लेखी मागा. प्रत्येक ठाण्यात आवाजासह कॅमेरे हवेत, चित्रण अठरा महिने आणि ते शक्य नसेल तर निदान एक वर्ष राखून ठेवावं, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२०मध्ये दिला. कॅमेरा बंद होता असं उत्तर येऊ शकतं. तेही लेखी येऊ द्या.

आणखी एक क्षण फार मोलाचा. आरोपीला न्यायालयात उभं केलं की दंडाधिकारी विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" मागे उभा असलेला हवालदार जरा खाकरतो आणि पोरगं मान हलवून 'नाही' म्हणतं. भेटायला जाणाऱ्या घरच्यांनी आधीच सांगून ठेवावं, की मार बसला असेल तर तिथेच, त्याच मिनिटाला बोल. न्यायासनावरून होणारी नोंद पुसता येत नाही.

हे सगळं पोलिसांशी वैर म्हणून सांगत नाही. बारा-बारा तास बंदोबस्त करून आलेला ठाणे अंमलदार मीही पाहते. त्यातलेच दोघेतिघे मला नंतर बाहेर गाठून सांगतात, "ताई, अर्ज साहेबांच्या नावाने नको, वर पाठवा." त्यांनाही कागद लागतो, वरच्याला दाखवायला.

वकील फुकट मिळतो

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७चा. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा प्राधिकरण, तालुक्याला समिती. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीत किंवा तुरुंगात असलेला कुणीही : या सगळ्यांना उत्पन्न न बघता मोफत वकील. बाकीच्यांना उत्पन्नाची अट, महाराष्ट्रात वर्षाला तीन लाख. दूरध्वनी १५१००. श्रीमंत घरातली बाईसुद्धा पात्र असते, हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. 'फुकटचा वकील लक्ष देत नाही' ही तक्रार कधी खरी असते, कधी नसते. खरी असेल तर वकील बदलून मागा, अर्थात लेखी.

हे आपोआप आलेलं नाही. शीला बर्से या मुंबईच्या पत्रकार. त्यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा स्त्रियांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानलं आणि फेब्रुवारी १९८३मध्ये निर्देश दिले : स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, तिच्यावर महिला पोलिसांचा पहारा, चौकशी महिला पोलिसांच्या समोरच, अटक झाली की विधी साहाय्य समितीला ताबडतोब खबर.

माहितीचा अधिकार : 'का' विचारू नका

अर्जाला महिना झाला, उत्तर नाही. आता माहितीचा अधिकार. विहित नमुना, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. महाराष्ट्राच्या नियमांत एक अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांचा.

नवखे लोक लिहितात, "माझ्या अर्जावर कारवाई का झाली नाही?" जन माहिती अधिकारी उत्तर देतो की 'का' ही माहिती नव्हे, आणि बरोबर बोलतो. कागद मागायचा : "दिनांक अमुक, आवक क्रमांक तमुक या अर्जाच्या नस्तीची टिपणीसह साक्षांकित प्रत." नस्ती म्हणजे फाइल. टिपणीत कुणी किती दिवस कागद दाबून ठेवला ते उघडं पडतं. इथे पुन्हा आवक क्रमांक लागला, बघा.

तीस दिवसांत उत्तर यायला हवं. माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत, तसं अर्जावर वरच ठळक लिहा. नाही आलं किंवा गोलमोल आलं तर तीस दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांचं स्टॅम्प. त्यापुढे नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. 'तपास चालू आहे' म्हणून नाकारलं तर माहिती दिल्याने तपासात नेमका कसा अडथळा येईल ते सांगायची जबाबदारी त्यांची असते, आणि अपिलात तेवढंच धरून बसायचं.

कागद नसलेला अन्याय

सामाजिक बहिष्कार हा सर्वांत चिवट. कोकणात गावकीकडून, इतरत्र जातपंचायतीकडून. कुणी काही लिहून देत नाही. फक्त किराणावाला 'संपलं' म्हणतो, लग्नाचं आमंत्रण येत नाही, मयताला चार खांदे मिळत नाहीत. महाराष्ट्राने यावर २०१६चा कायदा केला, तो जुलै २०१७मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र. असा वेगळा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य.

इथे पुरावा आपणच तयार करायचा असतो. कोणत्या बैठकीनंतर बोलणं बंद झालं ती तारीख. व्हॉट्सॲप गटातून काढलं तो क्षण, पडद्याच्या फोटोसह. गावदेवीची वर्गणी नाकारली तर तीच रक्कम मनीऑर्डरने पाठवा. परत आलेली मनीऑर्डर हा या कायद्याखाली मी पाहिलेला सगळ्यात सुंदर पुरावा आहे.

आयोग

शेवटी राज्य मानवी हक्क आयोग. मुंबईत, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर. गोव्याचा पणजीत. फी नाही, वकील लागत नाही, साध्या कागदावर मराठीत तक्रार चालते. पण घटनेपासून एका वर्षाच्या आत. हे वर्ष चर्चा, मध्यस्थ आणि 'बघू'मध्ये कसं निघून जातं हे मी इतक्यांदा पाहिलंय की पहिल्याच भेटीत वहीच्या मुखपृष्ठावर शेवटची तारीख लिहून देते. एकच प्रकरण राज्य आणि राष्ट्रीय अशा दोन्ही आयोगांकडे टाकू नका, एकीकडे दाखल असेल तर दुसरा घेत नाही.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. आयोग चौकशी करतो, अहवाल मागवतो, अधिकाऱ्यांना समोर बोलावतो आणि भरपाईची वा कारवाईची शिफारस करतो. शिफारस, आदेश नव्हे. तरीही आयोगाचं पत्र ठाण्यात पोचल्यावर आवाजाची पट्टी बदलते, हा अनुभव आहे. पोलिसांच्या गैरवर्तनासाठी पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे. प्रकाश सिंग खटल्याच्या २००६च्या निकालातून ते आलं.

दुसऱ्यासाठी धावताना

हे जमायला लागलं की शेजारीपाजारी बोलावू लागतात. तेव्हा एकच पथ्य. ज्याच्यावर बेतलं आहे त्याला विचारल्याशिवाय एक पाऊलही नाही. व्हिडिओ टाकायची घाई तर नकोच. देसाईगंजच्या ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. त्या खटल्याच्या निकालाविरुद्ध वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, उपेंद्र बक्षी आणि लोतिका सरकार या चौघांनी १९७९मध्ये सर्वोच्च न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं. त्यातून आंदोलन उभं राहिलं आणि १९८३मध्ये कायदा बदलला. त्याच बदलात पीडितेचं नाव उघड करणं गुन्हा ठरला. अख्ख्या देशाने तिची बाजू घेतली, पण तोवर निकालपत्रातलं तिचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं होतं.

मावशी परवा पुन्हा आल्या होत्या. पिशवीतून कागद काढला, अधीक्षक कार्यालयाची पोच. जांभळा शिक्का जरा तिरका पडलेला, आवक क्रमांक मात्र स्वच्छ वाचता येत होता. देवघरात फोटोच्या मागे ठेवला होता म्हणाल्या, कडेला कुंकू लागलं होतं. नातीने वहीत तारखांचं गणित मांडून आणलं होतं : माहितीच्या अर्जाचे तीस दिवस शनिवारी संपतात, सोमवारी अपील. मी स्टॅम्पचे वीस रुपये मागितले. मावशींनी कनवटीची गाठ सोडली आणि म्हणाल्या, "पन्नासाची नोट आहे. पुढच्या अपिलाचेबी घेऊन ठिवा."